दुर्बीण, स्पॉटिंग स्कोप आणि मोबाइलसाठी हलका ट्रायपॉड कसा निवडायचा? पाय, हेड आणि वजनाचं साधं गणित



दोन-तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवणच्या बाजूला, सकाळी सातच्या सुमारास आम्ही काठावर उभे होतो. समोर दोनशे-अडीचशे मीटरवर पट्टकादंबांचा थवा चरत होता. त्यातल्या एकाच्या मानेत रंगीत पट्टी दिसली! मंगोलियात संशोधक पट्टकादंबांच्या मानेत अशा पट्ट्या घालतात आणि हिमालय ओलांडून येणारे हे पक्षी भारतात अनेकदा दिसले आहेत. पट्टीवरची अक्षरं वाचून कळवली, तर तो पक्षी कुठून कुठे आला याची नोंद होते. म्हणजे आमच्या हातात त्या दिवशी खरी माहिती येणार होती.

स्पॉटिंग स्कोप मित्राकडून उसना आणलेला. ट्रायपॉड माझा, ऑनलाइन सेलमध्ये घेतलेला, जेमतेम ८०० ग्रॅमचा. स्कोप चढवला, झूम वाढवला आणि अक्षरं थरथरायला लागली. वाऱ्याची झुळूक आली की थरथर, फोकसच्या रिंगला बोट लावलं की थरथर. हेड कितीही आवळलं तरी स्कोप हळूहळू मान टाकायचा. शेवटी मी जे करायला नको होतं तेच केलं. तीस-चाळीस पावलं पुढे गेलो. अख्खा थवा उडाला. अक्षरं वाचायची राहिली ती राहिलीच, वर शांत चरणाऱ्या पक्ष्यांना उगाच उडवलं.

स्कोप उत्तम होता. चूक त्याच्या खालच्या तीन पायांची होती. म्हणून आज आपण बघूया, उचलायला हलका आणि तरीही न हलणारा ट्रायपॉड कसा निवडायचा.

"हंटिंग ट्रायपॉड" म्हणजे काय?

यूट्यूबवर दुर्बिणीसाठी ट्रायपॉड शोधलात तर बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे येतात. त्याला कारण आहे. ॲरिझोनासारख्या कोरड्या, डोंगराळ भागात ते लोक एखाद्या उंच जागी बसतात, १५×५६ सारखी मोठी दुर्बीण ट्रायपॉडवर लावतात आणि समोरचा डोंगर तासन्‌तास इंच-इंच तपासतात. सगळं सामान पाठीवर न्यायचं असल्यामुळे हलकं हवं आणि तासन्‌तास बघायचं असल्यामुळे स्थिरही हवं. त्यामुळे या विषयावर त्यांनी भरपूर डोकं चालवलंय.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. पण दुर्बीण, स्कोप आणि ट्रायपॉड तेच. त्यांची युक्ती आपण पक्षी बघायला, गडावरून समोरचा कडा न्याहाळायला किंवा चंद्र बघायला वापरू शकतो. ही युक्ती पुढे येईलच.

झूम वाढला की हादराही वाढतो

दुर्बिणीवर १०×४२ लिहिलेलं असतं. त्यातला १० म्हणजे वस्तू दहापट मोठी दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आता तुमच्या हाताचा कंपही दहापट मोठा दिसतो, हे मात्र खोक्यावर लिहिलेलं नसतं.

साधा हिशोब करा. स्कोप फक्त ०.१ अंश हलला. १० पट झूमला ते १ अंश हलल्यासारखं वाटेल, चालून जाईल. ६० पट झूमला तेच ६ अंश वाटेल, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर नाचेल. म्हणूनच हातात धरलेल्या भारी दुर्बिणीपेक्षा ट्रायपॉडवरची साधी दुर्बीण जास्त बारकावे दाखवते. विश्वास बसत नसेल तर एकदा १०×४२ दुर्बीण भिंतीवर टेकवून लांबची पाटी वाचून बघा, फरक लगेच कळेल.

मुख्य नियम: वजन उंचीत वाचवा, जाडीत नाही

कंपन्या ट्रायपॉड हलका दोन प्रकारे करतात. एक, पायाच्या नळ्या बारीक करतात. दोन, ट्रायपॉडची उंची कमी ठेवतात. दिसायला दोन्हींत वजन कमीच होतं, पण परिणाम अगदी उलटा.

नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवली, तर नळी वाकण्याला किती विरोध करते हे साधारण तिच्या व्यासाच्या घनावर ठरतं. म्हणजे २२ मिमीच्या नळीऐवजी २८ मिमीची घेतली तर ताठपणा जवळपास दुप्पट! लांबीचा नियम याच्या उलट आहे. त्याच नळीची लांबी २० टक्क्यांनी कमी केली तरी ताठपणा जवळपास दुप्पट होतो. तेव्हा हलका ट्रायपॉड घ्यायचाच असेल तर जाड पायांचा आणि बुटका घ्या. उंच आणि काडीसारखा नको.

आता ती शिकाऱ्यांची युक्ती. ते उभं राहून बघत नाहीत, बसून बघतात! जमिनीवर मांडी घालून बसल्यावर डोळे साधारण ७५ ते ८० सेंटिमीटर उंचीवर येतात. मग ट्रायपॉडचे खालचे बारीक भाग उघडायचेच नाहीत, वरचे जाड भाग पुरतात. वारा कमी लागतो, पाय कमी वाकतात आणि गुडघ्यावर कोपर टेकवता येतं. सव्वा किलोचा ट्रायपॉड बसून वापरला, तर तो पूर्ण ताणलेल्या दोन किलोच्या ट्रायपॉडलाही स्थिरतेत भारी पडू शकतो. शिवाय बसलेल्या माणसाला पक्षीही कमी बुजतात.

तुम्हाला किती उंची लागेल?

खरेदीआधी टेप घ्या आणि जमिनीपासून डोळ्यांपर्यंत मोजा. उभे राहून मोजा, खाली बसून मोजा, छोट्या स्टुलावर बसूनही मोजा. त्यातून साधारण २० सेंटिमीटर वजा करा, कारण हेड आणि वर बसवलेली दुर्बीण मिळून एवढी उंची खातात. उरलेला आकडा म्हणजे पायांची गरजेची उंची.

उदाहरणार्थ, १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे डोळे उभं असताना साधारण १५८ सेंटिमीटरवर असतात. म्हणजे पाय जवळपास १३८ सेंटिमीटरचे हवेत. स्टुलावर बसलात तर ८५ च्या आसपास पुरतात. जमिनीवर बसलात तर ६०.

इथे एक फसवणूक ओळखा. जाहिरातीत "उंची १५५ सेमी" लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा मधला दांडा, म्हणजे सेंटर कॉलम, पूर्ण वर काढून. तो दांडा वर काढला की तीन पायांवर एक पाय ठेवल्यासारखं होतं आणि सगळी थरथर तिथे येते. तेव्हा कॉलम खाली असतानाची उंची बघा. कॉलम काढून ठेवता येत असेल तर उत्तमच, वजनही कमी होतं.

तुमचा स्कोप तिरक्या आयपीसचा असेल, म्हणजे मान किंचित वाकवून वरून बघायचा, तर उभं राहूनही बराच कमी उंचीचा ट्रायपॉड चालतो. एकाच स्कोपमधून लहान मुलं आणि मोठे आळीपाळीने बघणार असतील तर तिरका स्कोप सोयीचा. सरळ स्कोप निशाणा धरायला सोपा, पण त्याला उंची जास्त लागते.

पायांचे भाग आणि लॉक

पाय तीन, चार किंवा पाच भागांत उघडतात. पाच भागांचा ट्रायपॉड सॅकमध्ये छान बसतो, पण प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा बारीक असतो. वरचा २५ मिमीचा असेल तर शेवटचा जाड स्केचपेनाएवढाच उरतो. पाठीवर सॅक आणि प्रवास एसटीने असेल तर चार भागांचा घ्या. गाडीने जात असाल तर तीन भागांचा.

लॉक दोन प्रकारचे, फिरवायचे आणि क्लिपचे. क्लिपचं लॉक बंद आहे की नाही हे लांबूनही दिसतं, नवख्यांना सोपं जातं. फिरवायचं लॉक सॅकमध्ये अडकत नाही, पण अर्धवट राहिलं तर स्कोपसकट पाय खाली सरकतो. सवय लावून घ्या. लॉक केल्यावर वरून एकदा दाबून बघायचंच.

कार्बन फायबर की ॲल्युमिनियम?

कार्बन फायबर हलकं असतं, ताठ असतं आणि हादरा बसल्यावर लवकर शांत होतं. पण महाग. दगडावर जोरात आपटलं तर तडकू शकतं. ॲल्युमिनियम स्वस्त आहे, मार बसला तर पोचा येतो पण काम चालतं. उन्हात मात्र तापतं.

माझं मत सांगू? बजेट कमी असेल तर बारीक पायांच्या कार्बनपेक्षा जाड पायांचं ॲल्युमिनियम घ्या. पाव-अर्धा किलो जास्त उचलावं लागेल, पण "कार्बन" हा शब्द पट्टीवरची अक्षरं वाचून देत नाही. जाडी देते.

आणि खोक्यावर छापलेलं "लोड १० किलो" वगैरे फार मनावर घेऊ नका. हा आकडा मोजायची सगळ्या कंपन्यांसाठी एकच पद्धत नाही. तेवढं वजन ठेवल्यावर ट्रायपॉड मोडणार नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. हलणार नाही, असा नव्हे.

हेड: इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात

हेड म्हणजे पायांवरचा तो भाग ज्याच्यावर दुर्बीण फिरते. माझ्या ट्रायपॉडसोबत आलेलं हेड प्लॅस्टिकचं होतं. तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून प्रकार समजून घ्या.

- बॉल हेड: एक गोळा, एक नॉब. हलकं, छोटं, फोटोसाठी मस्त. पण नॉब सैल केला की सगळ्या दिशांना मोकळं होतं, जड स्कोप मान टाकतो. तलावाच्या काठाने डावीकडून उजवीकडे बघत जायचं तर क्षितिज तिरकं होत राहतं.
- पॅन-टिल्ट हेड (तीन दांड्यांचं): प्रत्येक दिशेला वेगळा दांडा. मान टाकत नाही, पण जड असतं आणि पळता पक्षी पकडताना तीन दांडे सांभाळता सांभाळता पक्षी निघून जातो.
- फ्लुइड हेड (दोन दिशांचं): फक्त आडवं आणि उभं फिरतं. आत घट्ट ग्रीससारखा पदार्थ असल्यामुळे हालचाल लोण्यासारखी सरकते, झटका बसत नाही. एकच दांडा. स्कोप आणि दुर्बिणीसाठी हेच सगळ्यात योग्य.

फ्लुइड हेड म्हणजे व्हिडिओवाल्यांचं दोन-तीन किलोचं धूडच हवं असं नाही. दुर्बिणीसाठी आणि छोट्या स्कोपसाठी अर्ध्या किलोच्या आसपासची हेड्स मिळतात. घेताना एवढंच बघा: स्कोप लावून दांडा सोडला की हेड जिथे आहे तिथेच थांबतं का? आणि पुन्हा हलवायला लागलं की पहिल्याच क्षणी झटका बसतो का? थांबलं आणि झटका नसेल, तर हेड चांगलं.

स्क्रू, प्लेट आणि दुर्बिणीचं ॲडॅप्टर

दुर्बीण, स्कोप, कॅमेरा यांच्या खाली बहुतेक वेळा १/४ इंचाचा स्क्रू बसतो. पाय आणि हेड जोडायला बऱ्याचदा ३/८ इंचाचा असतो. दोन्हींमध्ये चालणारी छोटी रिंग स्वस्तात मिळते, एक सॅकमध्ये टाकून ठेवा.

बऱ्याच दुर्बिणींच्या मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला एक छोटं झाकण असतं. ते फिरवून काढलं की आत १/४ इंचाचा आटा दिसतो. त्यात एल आकाराचं ॲडॅप्टर बसतं. दुर्बीण घ्यायच्या आधी हा आटा आहे का ते तपासा, सगळ्यांत नसतो. ॲडॅप्टर मात्र धातूचंच घ्या. प्लॅस्टिकचं वाकतं आणि मग एवढ्या जाड पायांचा उपयोग शून्य.

क्विक रिलीज प्लेट शक्यतो आर्का-स्विस प्रकारची घ्या. अनेक कंपन्या हीच पद्धत वापरतात, त्यामुळे उद्या हेड बदललं तरी प्लेट बदलावी लागत नाही. प्लेट लांब असेल तर स्कोप पुढे-मागे सरकवून तोलही साधता येतो.

मोबाइल जोडून फोटो काढताना

स्कोपच्या आयपीसला मोबाइल लावून फोटो काढणं म्हणजे डिजिस्कोपिंग. यात तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, मोबाइल आणि ॲडॅप्टर मिळून दोन-तीनशे ग्रॅम वजन मागच्या टोकाला येतं आणि स्कोप मागे झुकतो. प्लेट सैल करा, स्कोप थोडा पुढे सरकवा, तोल साधा, मगच हेड आवळा. दुसरी, स्क्रीनला बोट लावून फोटो काढू नका. दोन सेकंदांचा टायमर लावा किंवा ब्लूटूथ शटर वापरा. तिसरी, मोबाइलचा डिजिटल झूम वाढवण्याऐवजी स्कोपचा झूम मध्यम ठेवा. जास्त झूमला उजेड कमी होतो आणि हादरा वाढतो. पट्टीवरची अक्षरं टिपायची असतील तर व्हिडिओ काढा, नंतर त्यातली स्थिर फ्रेम निवडता येते.

दुकानात मोबाइलनेच करा टेस्ट

ट्रायपॉड पूर्ण उघडा, सेंटर कॉलम खाली ठेवा. मोबाइल होल्डरमध्ये लावून कॅमेऱ्याचा झूम जास्तीत जास्त करा आणि रस्त्यापलीकडची एखादी पाटी पकडा. आता एका पायाला बोटाने टिचकी मारा. स्क्रीनवरची पाटी किती वेळ थरथरते ते मोजा. एका सेकंदाच्या आत शांत झाली तर छान. दोन-तीन सेकंद नाचत राहिली तर ट्रायपॉड परत ठेवा.

आणखी नेमकं बघायचं असेल तर फायफॉक्स हे मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं. ते मोबाइलमधल्या सेन्सरने हादरे मोजून आलेख काढतं. मोबाइल हेडच्या प्लेटला रबरबँडने घट्ट बांधा, मोजणी सुरू करा आणि पायाला टिचकी द्या. आलेखातली लाट किती लवकर सपाट होते ते बघा. दोन ट्रायपॉड शेजारी ठेवून केलंत तर सेल्समनशी वाद घालायची गरजच नाही! ऑनलाइन घेतला असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत घरी हीच टेस्ट करा.

पाण्याकाठी आणि डोंगरावर वापरताना

- आधी वरचे जाड भाग उघडा. बारीक भाग अगदी गरज पडली तरच.
- उतारावर दोन पाय उताराच्या खालच्या बाजूला, एक वरच्या बाजूला.
- वारा असेल तर मधल्या हुकला सॅक लटकवा, पण ती जमिनीला किंचित टेकलेली हवी. नुसती झुलली तर तीच ट्रायपॉड हलवेल.
- बोटीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, बोटच हलते. तिथे हातातली ८ किंवा १० पटीची दुर्बीण बरी.
- पक्षी निरीक्षणाच्या मनोऱ्यावर कोणी चाललं की चित्र हलतं. थोडं थांबा, ट्रायपॉडला दोष देऊ नका.
- उन्ह वाढल्यावर चित्र पाण्याखाली असल्यासारखं लहरत असेल तर तो गरम हवेचा परिणाम. कितीही महाग ट्रायपॉड घेतला तरी जात नाही. सकाळी लवकर या.
- काळ्या मातीचा चिखल लागला तर पाय आत ढकलू नका. आधी पुसा, घरी उघडून वाळवा.

कोणी काय घ्यावं?

फक्त १०×४२ दुर्बीण असेल तर वरची नळी २५ मिमीच्या आसपास आणि छोटं फ्लुइड हेड, सगळं मिळून दीड किलोच्या आत बसवता येतं. ६५ मिमीचा स्कोप आणि मोबाइल असेल तर २८ मिमी पाय आणि थोडं मोठं फ्लुइड हेड घ्या, दोन किलोच्या आसपास जाईल. ८०-८५ मिमीचा मोठा स्कोप असेल तर वजन वाचवायचा हट्ट सोडा. ३२ मिमीचे पाय बघा.

नेहमी पडणारे प्रश्न

मोबाइलचा रीलवाला ट्रायपॉड चालेल का?
दुर्बिणीसाठी नाही. तो दोनशे ग्रॅमच्या फोनसाठी आहे.

मोनोपॉड घेऊ का?
१० पटीच्या दुर्बिणीसाठी, चालत-फिरत बघायला ठीक. स्कोपसाठी नको.

आधी स्कोप घेऊ की ट्रायपॉड?
दुर्बीण असेल तर आधी ट्रायपॉड आणि हेड. तुमची आहे तीच दुर्बीण नवी वाटेल.

अभयारण्यात परवानगी लागते का?
ठिकाणानुसार नियम वेगळे असतात, कॅमेऱ्याचं शुल्कही असू शकतं. गेटवर विचारूनच आत न्या.

मित्रांनो, त्या सकाळनंतर मी उंची कमी आणि पाय जाड असलेला ट्रायपॉड घेतला, सोबत एक छोटं फ्लुइड हेड. आधीच्यापेक्षा किलोभर जास्त वजन खांद्यावर येतं, खोटं कशाला बोलू. पण आता मी काठापासून लांब, बाभळीच्या सावलीत बसून बघतो. पट्टीवाला पट्टकादंब मला अजून पुन्हा दिसलेला नाही. दिसला, तर या वेळी पुढे जायची गरज पडणार नाही.